विदर्भात राहून नेफ्रॉलॉजी, अध्यापन आणि डायलिसिसचं यंत्र: जमेल का?

प्रश्न असा आला आहे: 'मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला. एमडी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नेफ्रॉलॉजीत (मूत्रपिंडाच्या विकारांत) डीएम, म्हणजे एमडीनंतरची पदवी, करायचं, मेडिकल कॉलेजात शिकवायचं आणि खेड्यात चालेल असं स्वस्त डायलिसिस मशीन तयार करायचं असं मनात आहे. सगळे म्हणतात, असलं काही करायचं तर परदेशी जा, नाहीतर पुण्या-मुंबईचं कॉर्पोरेट हॉस्पिटल गाठ. विदर्भात राहून हे होतं का?'

होतं. पण तुमच्या प्रश्नातलं 'स्वस्त मशीन' मी आधी बाजूला ठेवते, कारण हुशार मुलं नेमकी तिथेच अडकून बसतात. मी विदर्भातल्याच एका मेडिकल कॉलेजात नेफ्रॉलॉजी शिकवते, डायलिसिस युनिट चालवते आणि त्या युनिटला लागणारी काही उपकरणं अभियंत्यांसोबत बसून घडवत आले आहे. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. आपल्याकडे डायलिसिस मशीनपायी क्वचित अडतं. ते अडतं पाण्यापायी, उन्हापायी, अंतरापायी आणि रुग्णाच्या हातातल्या शिरेपायी. डोकं चालवायचं तर तिथे चालवा.

डायलिसिसचा इतिहासही याच बाजूचा आहे. विलेम कॉल्फ यांनी १९४३ मध्ये पहिलं चालतं कृत्रिम मूत्रपिंड केलं, ते जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, कांपेन नावाच्या लहानशा गावातल्या इस्पितळात. सॉसेज भरायची सेलोफेनची नळी, लाकडी पट्ट्यांचं फिरतं पिंप, गावातल्याच इनॅमल कारखान्याच्या मदतीने मिळवलेली टाकी, एवढ्यावर त्यांनी काम भागवलं. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून बाहेर आली आणि पुढे काही वर्षं जगली. युद्ध संपल्यावर कॉल्फ यांनी आपली यंत्रं दुसऱ्या देशांतल्या इस्पितळांना फुकट पाठवून दिली. तुम्हाला कुणी 'लहान गावात काय संशोधन होणार' म्हटलं तर कांपेनचं नाव सांगा.

पण मला जास्त महत्त्वाची वाटतात ती त्यानंतरची पंधरा वर्षं. मशीन हाताशी होतं, तरी किडनी कायमची निकामी झालेला माणूस वाचत नव्हता. दर डायलिसिसला एक धमनी आणि एक शीर कापून नळ्या घालाव्या लागत. काही वेळा असं केलं की हातापायात जागाच उरत नसे. १९६० मध्ये सिअ‍ॅटलला बेल्डिंग स्क्रिबनर यांनी वेन क्विंटन या अभियंत्याकडून टेफ्लॉनची एक वाकवलेली नळी करून घेतली. ती हातात कायमची ठेवता येत होती आणि टेफ्लॉनमुळे रक्त सहजी गोठत नव्हतं. त्या नळीवर क्लाइड शील्ड्स हे रुग्ण आणखी ११ वर्षं जगले. मग १९६६ मध्ये न्यूयॉर्कला ब्रेशिया आणि चिमिनो यांनी तर बाहेरची कुठलीच वस्तू घेतली नाही. मनगटाजवळची धमनी शेजारच्या शिरेला जोडली, शीर फुगली आणि तिच्यात पुन्हा पुन्हा सुई घालता येऊ लागली. या जोडालाच फिस्टुला म्हणतात, आणि तोच आज आपण यवतमाळला, अकोल्याला करतो. मशीन तयार होऊन सतरा वर्षं झाली होती, आणि माणसं जगू लागली ती एका वाकड्या नळीने.

आता आपल्या भागाकडे येते.

डायलिसिसच्या एका पाळीत मिनिटाला साधारण ५०० मिली द्रावण, म्हणजे क्षार मिसळलेलं शुद्ध पाणी, फिल्टरमधून जातं. चार तासांत १२० लिटर. निरोगी माणूस दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो आणि त्यातलं नको ते किडनी बाहेर टाकते. आपल्या रुग्णाचं रक्त आठवड्यातून दोन-तीनदा १२० लिटर पाण्याला भिडतं, मध्ये फक्त एक पातळ पडदा, आणि बाहेर टाकायला किडनी नाही. म्हणून पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत, पण डायलिसिसच्या पाण्यात ०.२ च्या वर चालत नाही. पांढरकवडा, झरी-जामणीकडे फ्लोराइडचे दात आणि वाकलेले गुडघे तुम्ही पाहिले असतील. समजा तिथल्या एखाद्या बोअरला लिटरमागे ४ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे आणि आरओचा पडदा ९५ टक्के अडवतो. उरलं ०.२, म्हणजे काठावर. पडदा जुना होऊन ९० टक्क्यांवर आला की ०.४. मशीनच्या स्क्रीनवरचे सगळे आकडे हिरवे दिसतात, कारण मशीन फ्लोराइड मोजत नाही.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात अडचण वेगळी. तिथे क्षार इतके की पडदे भराभर चोंदतात, पाण्याचा जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरमध्ये मीठ टाकायचं राहिलं की कॅल्शियम पुढे सरकतं आणि पाळी संपता संपता रुग्णाला उलट्या, डोकेदुखी, बीपी वाढलेलं. नव्या रेसिडेंटला वाटतं रुग्णाने काही खाल्लं असेल. पावसाळ्याच्या तोंडावर विहिरीत, टाकीत ब्लीचिंग पावडर जास्त पडते. क्लोरीन आणि त्यापासून बनणारं क्लोरामाइन आरओला जुमानत नाही, ते कार्बन टँकनेच अडवावं लागतं. ते निसटलं तर रक्तपेशी फुटतात. म्हणून दर पाळीआधी पहिल्या कार्बन टँकनंतरचं पाणी तपासायचं आणि एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर निघालं तर त्या पाळीत एकही रुग्ण मशीनला लावायचा नाही. टँकरच्या पाण्याबाबत तर मी फार कडक आहे. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू गावी दुष्काळात टँकरने आणलेलं, नीट शुद्ध न केलेलं पाणी डायलिसिसला वापरलं गेलं. त्यात शेवाळासारख्या जिवाणूंचं विष होतं. पन्नासहून अधिक रुग्ण यकृत निकामी होऊन गेले. एप्रिल-मेमध्ये टँकर दारात उभा राहतो तेव्हा मला कारुआरू आठवतं.

मग उन्हाळा. ही अडचण कुठल्याही पाठ्यपुस्तकात नीट सापडायची नाही, कारण ही मशीनं थंड देशांत घडली. तिथे नळाला दहा-पंधरा अंशांचं पाणी येतं, म्हणून मशीनमध्ये हीटर असतो. थंड करायची सोय नसते. चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर, छतावर काळी टाकी, उघडे पाइप. दुपारी तीनला टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. आरओच्या पडद्यांची मर्यादाच ४५ अंशांच्या आसपास. पाणी एक अंशाने तापलं की पडद्यातून साधारण तीन टक्के जास्त पाणी जातं, आणि त्यासोबत क्षारही जास्त जातात. टेक्निशियन खूश, 'मॅडम, आज आरओ मस्त पाणी देऊन रायला', आणि त्याच वेळी कंडक्टिव्हिटीचा, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा, आकडा चढत असतो. पुढे ते गरम पाणी मशीनला गेलं की द्रावणाचं तापमान मर्यादेबाहेर जातं, अलार्म होतो, मशीन बायपासवर जातं, म्हणजे द्रावण फिल्टरला वळसा घालून जातं. रक्त फिरत राहतं पण धुतलं जात नाही. तीन पाळ्यांच्या युनिटात दुपारच्या पाळीचा रुग्ण चार तास पडून राहतो आणि त्याला मिळतात अडीच तास. मर्यादेच्या आत पण वरच्या टोकाला असलेलं द्रावणही त्रास देतं: त्वचेच्या रक्तवाहिन्या पसरतात, बीपी पडतं, पाय वळतात.

आम्ही यावर जे केलं ते सविस्तर सांगते. आधी साधी कामं: टाकी सावलीत, पाइपांना वेष्टण, जमिनीखालचा हौद, पाणी भरायची वेळ पहाटेची. अर्धा प्रश्न तिथेच सुटला. उरलेल्या अर्ध्यासाठी विदर्भात घरोघरी असतो तो कूलर घेतला. मे महिन्यातली आपली हवा कोरडी असते. ४५ अंशांना ओलावा १५ टक्के असेल तर ओल्या ताटीतून गेलेली हवा सिद्धांताने २४ अंशांपर्यंत उतरू शकते. कूलरच्या टाकीतलं गार पाणी एका बंद फेऱ्यात प्लेट हीट एक्सचेंजरच्या (दोन पाणी न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या पत्र्यांच्या) एका बाजूने फिरवलं आणि आरओला जाणारं कच्चं पाणी दुसऱ्या बाजूने. पाच मशीनच्या युनिटला तासाला सुमारे ३०० लिटर कच्चं पाणी लागतं. ते १५ अंशांनी उतरवायला तासाला आठ-दहा लिटर पाण्याची वाफ पुरते. तेवढं पाणी आरओच्या रिजेक्टमधून, म्हणजे आरओ टाकून देतो त्या पाण्यातून, सहज निघतं, वेगळं लागत नाही. दोन गोष्टी मात्र पाळाव्या लागल्या. हे सगळं आरओच्या आधी ठेवायचं, नंतर कधीच नाही, म्हणजे कूलरच्या पाण्यातले जंतू शुद्ध पाण्यापर्यंत पोचायचा रस्ता राहत नाही. आणि कच्च्या पाण्याचा दाब कूलरच्या बाजूपेक्षा जास्त ठेवायचा. प्लेटला चीर पडली तरी पाणी बाहेर जाईल, आत येणार नाही. खारपाणपट्ट्यात रिजेक्टच्या क्षारांनी ताटी दगडासारखी होते, तिथे ताट्या वरचेवर बदलाव्या लागतात, त्याला इलाज नाही.

याचं पेटंट घेतलं का, असं मुलं विचारतात. नाही. माहीत असलेल्या, आपापलं काम स्वतंत्रपणे करणाऱ्या वस्तू नुसत्या शेजारी मांडल्या तर भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३ त्याला शोध मानत नाही, आणि मला ते योग्य वाटतं. ज्याला हवं त्याने करावं. रेखाचित्रं आम्ही मागेल त्याला देतो.

अंतराचं थोडं वेगळं आहे. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, जिल्हा रुग्णालयांत मशीनं आली, महात्मा जोतीराव फुले योजनेत डायलिसिसचा खर्चही भागतो. तरी भामरागडच्या माणसाला गडचिरोली दीडशे किलोमीटरच्या पुढे. त्याला आठवड्यातून तीनदा या म्हणणं म्हणजे काम सोडा म्हणणं. सोबत येणाऱ्याचीही मजुरी बुडते. कित्येक जण दोनदा येऊ लागतात, मग एकदा, मग श्वास लागल्यावर. अशा रुग्णाला पोटाचं डायलिसिस, म्हणजे पीडी, घरी करता येतं. दिवसाला द्रावणाच्या दोन लिटरच्या चार पिशव्या पोटात भरायच्या आणि काढायच्या. पण त्याचाही हिशेब मांडा: दिवसाला ८ लिटर, महिन्याला जवळजवळ अडीचशे किलो वजन, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. पावसाळ्याआधी साठा पोचवावा लागतो, पत्र्याच्या घरात तो तापू न देता ठेवावा लागतो. इथे खरोखर नव्या यंत्राची गरज आहे. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जॉर्ज इन्स्टिट्यूटच्या स्पर्धेत व्हिन्सेंट गार्वी या अभियंत्याच्या कल्पनेला बक्षीस मिळालं, ती हीच होती: कुठल्याही पाण्याची वाफ करून जंतुविरहित पाणी काढायचं आणि पीडीची पिशवी रुग्णाजवळच भरायची. तुम्हाला मोठं काही करायचं असेल तर या दिशेने वाचायला लागा. हीमोडायलिसिसचं, म्हणजे रक्त धुण्याचं, आणखी एक स्वस्त मशीन करण्यापेक्षा विदर्भाला याचा उपयोग जास्त आहे असं मला ठामपणे वाटतं.

शिरेबद्दल एकच सांगते, ते आजच्या राउंडपासून करा. क्रिएटिनीन (किडनी बिघडली की रक्तात साठणारा घटक) वाढलेल्या रुग्णाच्या कोपराखालच्या शिरेत सलाइन लावू देऊ नका, हाताच्या पाठीवर लावा. इंटर्नने घाईत लावलेली ती एक सुई पुढे फिस्टुला बिघडवते, आणि मग माणूस महिनोन् महिने मानेत नळी घेऊन फिरतो, ताप येतो, पुन्हा भरती होतो. खाटेवर पाटी लावा.

आता अध्यापनाचं. कॉर्पोरेटमध्ये पैसा जास्त आहे, यात वाद नाही, आणि घरची जबाबदारी असेल तर तो विचार करण्यात काही कमीपणा नाही. पण शोध लावायचा असेल तर मेडिकल कॉलेजासारखी जागा नाही. तिथे सगळ्या प्रकारचा रुग्ण येतो, नोंदी वर्षानुवर्षं राहतात, तुमच्या हाताखाली दरवर्षी नवी मुलं येऊन 'असं का?' विचारतात. चंदीगडच्या पीजीआयला डॉ. किरपाल सिंग चुघ यांनी आपल्या देशात नेफ्रॉलॉजीचं शिक्षण उभं केलं. त्यांनी सर्पदंशाने, विषबाधेने बंद पडणाऱ्या किडन्यांवर लिहिलं, कारण वॉर्डात तेच रुग्ण होते आणि पाश्चात्त्य पुस्तकांत त्यांना जेमतेम चार ओळी होत्या. आपल्या वॉर्डात काय कमी आहे? पावसाळ्यात घोणस चावलेला शेतमजूर, बारीक किड्याच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफसचा ताप, फवारणीचं विष. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे मजूर दगावले तेव्हा सगळ्या देशाला कळलं, पण विषबाधेचे रुग्ण आपण त्याआधीही पाहत होतो. घोणशीच्या दंशात काचेच्या कोरड्या नळीत २ मिली रक्त २० मिनिटं ठेवून गोठतं की नाही पाहायची चाचणी किती ठिकाणी वेळेवर होते, प्रतिविष किती तासांनी मिळालं, त्यातल्या किती जणांना डायलिसिस लागलं, एवढ्या नोंदी तीन पावसाळे नीट ठेवल्या तरी तुमचा प्रबंध जगाच्या उपयोगी पडेल. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं घरोघरच्या नवजात बाळांच्या काळजीवरचं काम गडचिरोलीतून झालं आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. त्याचा आधार गावागावांत ठेवलेल्या नोंदीच होत्या.

उपकरणाकडे वळताना माझा एक नियम आहे आणि तो मी विद्यार्थ्यांना मोडू देत नाही. रुग्णाच्या रक्ताला किंवा पोटातल्या द्रावणाला लागणारी वस्तू आणि बाहेर राहणारी वस्तू, यात स्पष्ट रेघ. पाण्याच्या खोलीतली, स्टँडची, मोजमापाची वस्तू आपण लवकर करून पाहू शकतो, तरीही संस्थेच्या परवानगीने. रक्ताला लागणारी वस्तू वर्कशॉपमधून थेट वॉर्डात आणायची नाही, कल्पना कितीही चांगली असो. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. त्यात जोखमीप्रमाणे चार वर्ग आहेत, आणि नव्या उपकरणाची माणसांवर चाचणी करायची तर नैतिकता समिती, केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी आणि क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंद लागते. लोक याला अडथळा म्हणतात. आमच्या रुग्णांच्या जिवाला तेवढंच संरक्षण आहे, म्हणून मी याच्या बाजूने आहे.

अभियंता शोधा आणि त्याला वॉर्डात आणून बसवा. त्याच्या प्रयोगशाळेत तुम्ही जाऊन उपयोग नाही. एक अख्खी पाळी तो खाटेशेजारी बसला, वीज गेल्यावर टेक्निशियन हॅंडल फिरवून रुग्णाचं रक्त परत देतो ते त्याने पाहिलं, की तो स्वतःच योग्य प्रश्न विचारायला लागतो. सर्किटमध्ये त्या वेळी दोनशे-अडीचशे मिली रक्त असतं. अंगात रक्त कमी असलेल्या आमच्याकडच्या बाईसाठी तेवढं रक्त जाणं फार मोठं आहे. नागपूरचं व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी कॉलेज जवळ आहे. मुंबई आयआयटीच्या बेटिक या वैद्यकीय उपकरणांच्या केंद्राने २०१४ पासून डॉक्टर-अभियंत्यांना एकत्र आणायचं काम केलं, त्यात व्हीएनआयटीही भागीदार होतं. पैशासाठी बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचं बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट पाहा, ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी. पेटंट घ्यायचंच असेल तर परिषदेत पोस्टर लावण्याआधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज भरा. आधी जाहीर केलं तर नावीन्य जाऊ शकतं. अर्ज भरल्यावर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात.

वेळ लागतो हेही मनाशी धरा. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली हृदयाची कृत्रिम झडप तयार झाली. आधीचे नमुने टिकले नाहीत, चौथा टिकला, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्या रुग्णाला बसवली. एक शल्यविशारद, सरकारी संस्था, सोबत अभियंते, आणि दहा वर्षांहून जास्त काळ. तेवढ्या काळात तुमची एक-दोन बढत्यांची वेळ येऊन जाईल. बढतीला सहसा शोधनिबंध पाहिले जातात, कूलरला जोडलेला हीट एक्सचेंजर कुणी पाहत नाही. म्हणून दोन्ही सोबत चालवा: यंत्रावर काम करताना त्याच्या आधीची आणि नंतरची मोजमापं ठेवा, तोच तुमचा निबंध.

डीएमसाठी मात्र बाहेर जा. जिथे प्रत्यारोपण, पीडी आणि तीव्र किडनी विकाराचे रुग्ण तिन्ही भरपूर आहेत, असं ठिकाण निवडा, नाव किती मोठं आहे ते नंतर बघा. तीन वर्षं पुरती शिका आणि परत या. परत येताना पहिली नोकरी घेण्याआधी अधिष्ठात्यांना तीन गोष्टी विचारून घ्या: डायलिसिसच्या पाण्याचा गेल्या वर्षभराचा तपासणी अहवाल दाखवाल का, पीडी सुरू करायला एक परिचारिका कायमची द्याल का, आणि आठवड्यातला एक दुपारचा वेळ अभियंत्यांसोबत बसायला लेखी मोकळा ठेवाल का. पहिल्या प्रश्नाला फाइल निघाली नाही तर तिथलं तुमचं पहिलं वर्ष पाण्याच्या खोलीत जाणार आहे, हे धरूनच रुजू व्हा. आणि दारव्ह्याहून एखाद्या रविवारी आमच्याकडे यायचं झालं तर मेमध्ये या, दुपारची पाळी सुरू असताना.